न्यूकॅसलटनचं स्टेशन कुणी बंद केलं?

न्यूकॅसलटनला आज स्टेशन नाही. फलाट नाहीत, रूळ नाहीत, गावातला रस्ता जिथे रुळांना छेदायचा तिथलं फाटकही नाही. स्टेशनमास्तरांचं घर तेवढं उभं आहे. स्कॉटलंडमध्ये अशी बंद पडलेली खेड्यांतली स्टेशनं शेकड्यांनी आहेत आणि त्यांची गोष्ट बहुतेक वेळा एका दमात उरकली जाते: मोटारी आल्या, प्रवासी आटले, डॉक्टर बीचिंग नावाच्या माणसाने कुऱ्हाड चालवली. यातलं काहीच खोटं नाही. पण न्यूकॅसलटनचा उलगडा एवढ्याने होत नाही. इथल्या लोकांनी शेवटची गाडी रुळांवर उभं राहून अडवली होती आणि पोलिसांनी चक्क गावच्या पाद्रीबाबांना उचललं होतं. ज्या स्टेशनाची कुणालाच गरज उरली नव्हती, त्याच्यासाठी ऐन जानेवारीत मध्यरात्री कोण कुडकुडत उभं राहील?

गाव तसं फार जुनं नाही. १७९३ साली बक्लूच्या ड्यूकने ते आखून वसवलं. मधून एक लांबलचक सरळ रस्ता, मध्यावर चौक, दोन्ही बाजूंना घरं आणि घराघरांत हातमाग. इंग्लंडची सीमा इथून हाकेच्या अंतरावर. भोवती लिडल नदीचं खोरं आणि मेंढ्या चरणारे बोडके डोंगर. वस्ती आजही हजाराच्या आतच. इतक्या आडगावातून लंडनची गाडी कशी काय धावू लागली, याचं उत्तर दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात सापडतं.

त्या काळी ब्रिटनमध्ये रेल्वे सरकारची नव्हती. खासगी कंपन्या पार्लमेंटकडून एकेका मार्गाचा कायदा मंजूर करून घेत आणि रूळ टाकत. एडिंबराच्या नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने १८४९ साली दक्षिणेला हॉइकपर्यंत गाडी नेली. हॉइक म्हणजे लोकरी कापडाचं गिरणगाव. तिथून पुढे इंग्लंडमधल्या कार्लाइलला जायचं तर दोन वाटा होत्या. एक लँगहोमवरून, जिथे गिरण्या होत्या, माणसं होती. दुसरी लिडल खोऱ्यातून, जिथे मेंढ्याच जास्त. लँगहोमच्या वाटेवर प्रतिस्पर्धी कॅलेडोनियन रेल्वेचा डोळा होता. बरीच वर्षं कुरघोड्या चालल्या आणि अखेर १८५९ मध्ये पार्लमेंटने नॉर्थ ब्रिटिशच्या लिडल खोऱ्यातल्या मार्गाला मंजुरी दिली. लँगहोमची समजूत एका फाट्यावर काढली. १ जुलै १८६२ पासून एडिंबरा ते कार्लाइल सलग गाड्या सुरू झाल्या. अंतर ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर. मार्ग सर वॉल्टर स्कॉट यांच्या मुलखातून जायचा, म्हणून त्यांच्या कादंबऱ्यांवरून त्याला 'वेव्हर्ली रूट' हे नाव पडलं.

थोडक्यात, न्यूकॅसलटनला स्टेशन मिळालं ते वाटेत आलं म्हणून. हे ध्यानात असू द्या, कारण शंभर वर्षांनी ते गेलं तेही याच न्यायाने.

माणसांपेक्षा मेंढ्यांचा विचार करून आखल्यासारखा हा मार्ग इंजिनांसाठी मात्र जीवघेणा होता. न्यूकॅसलटन सोडून उत्तरेला निघालं की चढ लागायचा, तो मैलोगणती सुटायचाच नाही: बहुतेक ठिकाणी ७५ला १, म्हणजे ७५ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. बोरघाटातला ३७ला १ ऐकून असलेल्यांना हे किरकोळ वाटेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावतं, हीच रेल्वेची सगळी पुण्याई आणि हाच तिचा शाप. सपाटीवर थोड्या ताकदीत शेकडो टन ओढता येतात, चढावर तीच चाकं जागच्या जागी गरगरतात. त्यातून लिडल खोऱ्यात पाऊस, धुकं आणि बर्फ यांची कमी नव्हती. चढाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून १,००६ फुटांवर व्हिटरोप, आणि तिथे १,२०८ यार्डांचा, म्हणजे जवळपास अकराशे मीटरचा बोगदा. अवजड मालगाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिन जोडावं लागे. या मार्गावर गाडी चालवणं महाग पडायचं ते असं, अगदी पहिल्या दिवसापासून.

या चढावरच रिकार्टन जंक्शन होतं, आणि त्याच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नॉर्थ ब्रिटिशने इथून नॉर्थम्बरलंडमधल्या हेक्सॅमकडे जाणारा फाटा काढला. जंक्शन आलं म्हणजे इंजिनांची शेड आली, सिग्नलमन आले, गँगमन आले, त्यांचे संसार आले. डोंगराच्या कुशीत कंपनीने घरं बांधली, शाळा काढली. पण रस्ता काही बांधला नाही. रिकार्टनला जायचं तर रेल्वेने, नाहीतर माळ तुडवत पायी. किराण्याचं दुकान फलाटावरच होतं, हॉइकच्या सहकारी सोसायटीची शाखा. डॉक्टर यायचा तो रेल्वेने, मोठी मुलं हॉइकच्या शाळेत जायची ती रेल्वेने, आणि शवपेटी निघायची तीही रेल्वेनेच. पहिला कच्चा रस्ता तिथे पोहोचला १९६०च्या दशकात, जंगलखात्याच्या कृपेने. तोवर स्टेशनाचेच दिवस भरत आले होते.

न्यूकॅसलटनचं रोजचं स्टेशन यापेक्षा साधं होतं. गाड्या लंडनच्या असल्या तरी खेड्यातल्या स्टेशनाचा धंदा चालायचा मालधक्क्यावर. कोळसा यायचा, खत यायचं, टपाल आणि वर्तमानपत्रं यायची. हंगामात मेंढ्या आणि गुरं वाघिणींत भरून हॉइक किंवा कार्लाइलच्या बाजाराला जायची. रेल्वे येण्याआधी हीच जनावरं डोंगरातून हाकत न्यायची म्हणजे वाटेतच त्यांचं वजन उतरायचं आणि भावही. १८७६ साली मिडलँड रेल्वेने कार्लाइलपर्यंत स्वतःचा मार्ग आणला, तेव्हा लंडनच्या सेंट पँक्रसहून निघालेले डबे वेव्हर्ली रूटने थेट एडिंबरापर्यंत जाऊ लागले. मार्गाचा तो बहराचा काळ.

घसरण सुरू झाली पहिल्या महायुद्धानंतर. लष्कराचे जुने ट्रक स्वस्तात विकायला निघाले आणि सुटलेले सैनिक मालवाहतुकीच्या धंद्यात शिरले. इथे कायद्याची एक मेख होती, जी फारशी कुणी सांगत नाही. ब्रिटनमधल्या रेल्वेवर बंधन होतं की कुणीही कोणताही रास्त माल आणला तर तो नाकारायचा नाही, आणि दर जाहीर करायचे. ट्रकवाल्याला असलं काही नव्हतं. तो रेल्वेचं दरपत्रक वाचायचा, त्याहून चार पैसे कमी सांगायचा आणि फायद्याचा माल उचलायचा. रेल्वेच्या वाट्याला उरायची ती परवडत नसलेली गिऱ्हाइकं. हे बंधन पुरतं सुटलं ते १९६२च्या कायद्याने, म्हणजे घोडं गंगेत न्हाल्यावर.

दुसरी गोष्ट आणखी मोठी. १९२३ मध्ये शंभरावर कंपन्यांची मोट बांधून चार कंपन्या केल्या आणि १ जानेवारी १९४८ला सगळी रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. आता एडिंबराहून दक्षिणेला जाणारे तीन मार्ग एकाच मालकाचे झाले: पूर्व किनाऱ्याने, पश्चिमेकडून कार्स्टेअर्सवरून, आणि मधून हा वेव्हर्ली. पहिले दोन सोपे आणि वेगवान. तिसरा चढाचा, वळणांचा आणि एका जुन्या वैरातून जन्मलेला. वैरी एकाच घरात आल्यावर वैरापोटी बांधलेल्या मार्गाचं करायचं काय, हा प्रश्न कधी ना कधी पडणारच होता.

तरीही लगेच कुणी तो मोडीत काढला नाही. उलट १९५५च्या आधुनिकीकरण योजनेत एडिंबराजवळ मिलरहिल आणि कार्लाइलजवळ किंगमूर इथे वाघिणींची छाननी करणारी प्रचंड मोठी यार्डं बांधायला घेतली, आणि या दोघांना जोडणारा मार्ग होता वेव्हर्ली. यार्डं सुरू झाली १९६२-६३च्या सुमारास. पण सुट्या वाघिणींची वाहतूक तोवर ट्रककडे वळली होती. एका हाताने दार बसवायचं आणि दुसऱ्याने भिंत पाडायची, असा हा कारभार.

आता बीचिंगसाहेब. रिचर्ड बीचिंग हे भौतिकशास्त्राचे डॉक्टर, आयसीआय या रसायन कंपनीतून आणलेले, पगार वर्षाला २४,००० पौंड, खुद्द पंतप्रधानांच्या दुपटीहून जास्त. २७ मार्च १९६३ला त्यांचा अहवाल आला. त्यात सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस होती. देशातल्या निम्म्या स्टेशनांकडून उत्पन्नाचे जेमतेम दोन टक्के येतात, असं त्यांनी दाखवलं. आकडे खरे होते. वेव्हर्ली रूट तोट्यात होता हेही खरं. रात्रंदिवस माणसं ठेवावी लागणाऱ्या सिग्नल केबिन, हाताने उघडझाक करायची फाटकं, तुरळक वस्ती, दमछाक करणारा चढ. या मार्गाने नफा कमवावा अशी अपेक्षा कुणी शहाण्याने केली नसती.

प्रश्न हिशेब मांडायच्या रीतीचा होता. प्रवाशांची पाहणी झाली ती एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची. उन्हाळी सुट्टीतली गर्दी किंवा मेंढ्यांच्या बाजाराचा हंगाम त्यात कुठून दिसणार? दुसरं, स्टेशनाच्या नावावर उत्पन्न जमा व्हायचं ते तिथे विकलेल्या तिकिटांचं. लीड्सहून कुणी लेक माहेरी न्यूकॅसलटनला आली, तर तिच्या तिकिटाचे पैसे लीड्सच्या वहीत. गावात उतरणारी माणसं गावच्या हिशेबात नाहीतच. तिसरं गृहीतक सगळ्यात महागात पडलं: आडमार्ग बंद केला की लोक बसने किंवा मोटारीने जवळच्या मोठ्या स्टेशनावर येतील आणि पुढचा प्रवास रेल्वेनेच करतील. माणूस एकदा स्वतःच्या मोटारीत बसला की तो स्टेशनावर कशाला उतरेल, थेट मुक्कामीच जाईल. फांद्या तोडल्या तसं खोडाचं पाणीही आटलं.

बरं, या आकड्यांवर लोकांनी हरकत घ्यायची म्हटलं तर तीही सोय नव्हती. १९६२च्या कायद्याप्रमाणे हरकती ऐकायला प्रवाशांच्या सल्लागार समित्या होत्या, पण त्यांच्यापुढे बोलायचं ते फक्त गैरसोयीबद्दल. मला दवाखान्यात जायला अडचण होईल, हे सांगा. तुमचा तोट्याचा आकडा चुकलाय, खर्च असा असा कमी करता येईल, हे सांगायची मुभा नाही. रेल्वेने आपले आकडे उलगडून दाखवायचीही सक्ती नव्हती. वेव्हर्लीची अशी सुनावणी १९६६ साली हॉइकला झाली. लोकांनी आपली गाऱ्हाणी मांडली, ती लिहून घेतली गेली, आणि कागद वर लंडनला गेले.

वर बसलेले मात्र बदलले होते. १९६४ मध्ये मजूर पक्ष निवडून आला होता, मोठी स्टेशनं-मार्ग बंद करणं थांबवू असं सांगत. तरी १५ जुलै १९६८ला याच पक्षाचे वाहतूकमंत्री रिचर्ड मार्श यांनी वेव्हर्ली बंद करायचं जाहीर केलं. स्कॉटलंडचे मंत्री विली रॉस विरोधात होते, त्यांचं चाललं नाही. गंमत पाहा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा वाहतूक कायदा झाला आणि त्यात पहिल्यांदाच मान्य केलं गेलं की काही मार्ग तोट्यातले असले तरी समाजाला हवेत, त्यांना सरकारने अनुदान द्यावं. स्कॉटलंडमधले आणि इंग्लंडमधले कितीतरी मार्ग त्या तरतुदीवर तगले. वेव्हर्लीला त्यात बसवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. म्हणून मला वाटतं, खापर एकट्या बीचिंगच्या डोक्यावर फोडणं सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. त्यांनी शिफारस केली. सही सव्वापाच वर्षांनी झाली, आणि ती पुसायचं साधन हातात येत असताना झाली.

हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने सह्यांची मोहीम उभारली. अकरा हजारांवर सह्या गोळा झाल्या आणि डिसेंबर १९६८ मध्ये त्यांचा गठ्ठा पंतप्रधानांच्या घरी पोहोचवला गेला. उपयोग झाला नाही. शेवटचा दिवस ठरला तो ठरलाच.

५ जानेवारी १९६९, रविवार. रात्री ९:५६ला एडिंबराहून सेंट पँक्रसला जाणारी शयनयान गाडी ही शेवटची. गडबड होणार याची कुणकुण असल्याने पुढे वाट चाचपायला एक सुटं इंजिन सोडलं होतं. हॉइकला लोकांनी एक शवपेटी गाडीत चढवली, पत्ता वाहतूकमंत्री मार्श यांचा. गाडी तिथून उशिरानेच निघाली. न्यूकॅसलटनला येईतो मध्यरात्र उलटून गेली होती, आणि समोर फाटक रुळांवर आडवं लावलेलं. दोनशेच्या आसपास माणसं रुळांवर. पुढारी होते गावच्या चर्चचे रेव्हरंड ब्रायडन मेबन. पोलीस आले, हुज्जत झाली, आणि त्यांनी रेव्हरंडना अटक केली. त्याने प्रकरण निवळायच्या ऐवजी चिघळलं. आमच्या पाद्रीबाबांना सोडल्याशिवाय हलणार नाही, असा लोकांचा पवित्रा.

आणि याच गाडीत त्या भागाचे तरुण खासदार बसले होते, लिबरल पक्षाचे डेव्हिड स्टील. ते खाली उतरले आणि दोन्हीकडच्यांशी बोलले. तोड निघाली ती अशी की पोलिसांनी रेव्हरंडना सोडावं आणि लोकांनी वाट द्यावी. तसं झालं. फाटक उघडलं, गाडी गेली. कार्लाइलला ती सुमारे दोन तास उशिराने पोहोचली. त्या गर्दीत रोज तिकीट काढणारे किती आणि वर्षातून दोनदा गाडीत बसणारे किती, असा खवचट प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. पण स्टेशन हे विम्यासारखं असतं, ज्याने कधी दावा लावला नाही त्यालाही हप्त्याची किंमत ठाऊक असते.

रूळ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उखडून नेले. बदली बस डोंगरी रस्त्यांनी रेंगाळत जायच्या. जवळपास लाखभर वस्तीच्या सीमाभागात एकही स्टेशन उरलं नाही. पूर्व किनाऱ्याचा मार्ग त्याच्या कोपऱ्यातून जात होता खरा, पण गाडी थांबत नव्हती.

पुढचं जरा झपाट्याने सांगतो, कारण ते न्यूकॅसलटनपर्यंत अजून पोहोचलेलं नाही. १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःचं पार्लमेंट मिळालं. त्याचे पहिले पीठासीन अधिकारी तेच डेव्हिड स्टील. याच पार्लमेंटने २००६ मध्ये वेव्हर्लीचा उत्तरेकडचा तुकडा पुन्हा बांधायचा कायदा केला. ६ सप्टेंबर २०१५ला एडिंबरा ते ट्वीडबँक हा बॉर्डर्स रेल्वे मार्ग सुरू झाला आणि तीन दिवसांनी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. वाटेतलं स्टो हे खेडं मूळ आराखड्यात नव्हतं, गावकऱ्यांनी रेटा लावून स्टेशन मिळवलं. तिथली १८४८ची जुनी स्टेशनाची इमारतही त्यांनी पाडू दिली नाही.

पहिल्या वर्षात या मार्गावर दहा लाखांवर प्रवास झाले. ट्वीडबँक आणि गॅलाशील्स या टोकाच्या स्टेशनांवर तर अंदाजाच्या कितीतरी पट गर्दी झाली. म्हणजे गणित मांडणाऱ्यांचा अंदाज पन्नास वर्षांनीही त्याच बाजूला चुकला. त्याची शिक्षाही झाली: खर्च वाचवायला मार्ग बराचसा एकेरी बांधला, त्यामुळे एक गाडी रखडली की समोरचीही रखडते. मॅज एलियट यांचं नाव एका मालगाडीच्या इंजिनाला दिलं गेलं. त्यांच्या हॉइकला मात्र गाडी गेली नाही, ट्वीडबँकहून ते अजून सतराएक मैल आहे.

व्हिटरोपला हौशी लोकांच्या संस्थेने थोडे रूळ पुन्हा टाकले आहेत. त्यालगतच्या बोगद्याचा काही भाग २००२ मध्ये ढासळला. पुढे कार्लाइलपर्यंत मार्ग न्यावा म्हणून मोहीम चालू आहे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विकासासाठी झालेल्या २०२१च्या बॉर्डरलँड्स करारात नुसत्या अभ्यासासाठी ब्रिटन आणि स्कॉटलंड या दोन्ही सरकारांचे मिळून एक कोटी पौंड राखून ठेवले गेले. मोहीमवाल्यांचा भर आता प्रवाशांइतकाच लाकडावर आहे. शेजारचं किल्डर हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं लागवडीचं जंगल. तिथले ओंडके आज अरुंद रस्त्यांवरून ट्रकने जातात आणि ते रस्ते दुरुस्त करायचा खर्च कुठल्याच रेल्वेच्या वहीत दिसत नाही. विरोधकांचं म्हणणं साधं आहे: लिडल खोऱ्यात माणसं १८६२ मध्येही मोजकीच होती आणि आजही मोजकीच आहेत. दोघांचंही खरं आहे. निर्णय झालाच तर आधी हॉइकची पाळी येईल, आणि हॉइकहून न्यूकॅसलटन चढाचा डोंगर ओलांडून आणखी वीस-एकवीस मैलांवर आहे.